ऑनलाइन आरपीजी खेळायला कोणतं व्हीटीटी घ्यावं?

प्रश्न ऐरोलीच्या एका डीएमचा आहे, म्हणजे आरपीजीत (प्रत्येकाने एक पात्र घेऊन मिळून गोष्ट खेळायच्या खेळात) जो खेळ चालवतो त्याचा. पाच जणांचा ग्रुप, दर शनिवारी रात्री एकाच्या घरी जमून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स ही आरपीजी) खेळणारा. आता एक जण पुण्याला गेलाय, एक म्युनिकला. उरलेले तिघे ऐरोली, खारघर आणि ठाण्यात आहेत, पण तिघांनाही एका घरी जमणं कठीण झालंय. डीएमकडे आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, दोघा प्लेअर्सकडे नुसते फोन. कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, अर्ध्यावर आहे आणि ते सोडायचं नाही. तर व्हीटीटी, म्हणजे ज्यात नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या), फासे आणि कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचं पान) सगळ्यांना आपापल्या स्क्रीनवर एकाच वेळी दिसतात ते सॉफ्टवेअर, कोणतं घ्यावं? पैसे किती पडतील? आणि हे सगळं मराठीत होईल का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. बोलायला डिस्कॉर्ड, नकाशाला आउलबेअर रोडिओ, कॅरेक्टर शीट कागदावर किंवा पीडीएफमध्ये. पहिले दोन-तीन महिने एवढंच. त्यानंतरही डीएमला नकाशे आणि कुणाला किती दिसेल हे ठरवणारे दिवे-भिंती मांडत बसण्यात रस वाटला, आणि फोनवाल्या दोघांची लॅपटॉपची सोय झाली, तर फाउंड्री, हे विकतचं व्हीटीटी. आज या क्षणी सॉफ्टवेअरवर कुणी एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

मी ठाण्यात राहून बरीच वर्षं ऑनलाइन गेम चालवतोय आणि नव्या ग्रुप्सना हे सगळं बसवून देतोय. व्हीटीटी निवडताना लोक फीचर्सची यादी बघतात. बघायच्या गोष्टी खरं तर दोनच. ग्रुपमधलं सगळ्यात कमकुवत यंत्र कोणतं, आणि डीएमला आठवड्यात तयारीसाठी खरोखर किती वेळ मिळतो. पाचांपैकी चौघांकडे गेमिंग पीसी असला आणि पाचवा फोनवर असला, तर तो ग्रुप फोनवरचाच समजायचा. कारण नकाशा उघडत नाही म्हणून तो पाचवा दोन सेशन गप्प बसतो आणि तिसऱ्याला येत नाही. नोकरी, लोकलचा प्रवास आणि घर सांभाळून ज्या डीएमला आठवड्याला दोन तास मिळतात, त्याचे दोन्ही तास भिंती आखण्यात गेले तर गावातला सावकार कोण, तो खोटं का बोलतोय, याचा विचार करायला काहीच उरत नाही. कॅम्पेन बंद पडतात ती इथे.

आउलबेअर सुचवतोय ते याच दोन कारणांनी. ते ब्राउझरमध्ये चालतं. रूम उघडणाऱ्याला खातं लागतं, बाकीच्यांना नुसती लिंक पुरते. फोनवर बोटाने नकाशा सरकवता येतो, टोकन उचलता येतं. फुकटात जागा मर्यादित मिळते, पण एका कॅम्पेनला ती पुरते, जुने नकाशे काढून टाकत राहायचं. फासे आणि इनिशिएटिव्हची (मारामारीत कुणाची पाळी केव्हा, त्याची) यादी एक्स्टेन्शन म्हणून जोडता येतात. नियम त्याला काही कळत नाहीत. हल्ला लागला की नाही हे ते सांगणार नाही, ते तुम्ही आजवर टेबलावर ठरवत आलात तसंच ठरवायचं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. रोल ट्वेंटी २०१२ पासून आहे, ब्राउझरमध्ये चालतं, खातं फुकट मिळतं आणि कॅरेक्टर शीट्सचा साठा मोठा आहे. लॅपटॉपवाल्या ग्रुपला सुरुवातीला ते चांगलं, फोनवर नकाशा हाताळणं मात्र जिकिरीचं. फँटसी ग्राउंड्स २००४ चं, नियमांचं ऑटोमेशन भरपूर, पण प्रत्येकाने ते इन्स्टॉल करायचं आणि शिकायला वेळ द्यायचा. मॅपटूल पूर्ण फुकट आहे, फक्त सगळ्यांकडे एकच व्हर्जन लागतं. टेबलटॉप सिम्युलेटर आणि टेलस्पायर थ्रीडी आहेत, दिसतात फार सुंदर, पण विकत घ्यावी लागतात आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड मागतात. तुमच्या ग्रुपसाठी ही दोन्ही आत्ताच बाजूला ठेवा.

आता नकाशाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ऑनलाइन आल्यावर डीएमची सवय बदलते ती इथे. घरी बसून खेळताना तुम्ही नकाशा कधी काढत होता? मारामारी सुरू झाली आणि कोण कुठे उभं आहे यावर काही ठरणार असलं की. एरवी नुसतं बोलून चालायचं. स्क्रीनवर गेल्यावर मात्र डीएमला वाटू लागतं की प्रत्येक जागेला चित्र हवं, धर्मशाळेला, बाजाराला, देवळाच्या ओसरीलासुद्धा. चित्र समोर आलं की प्लेअर प्रश्न विचारायचं थांबवतात. चित्रात खिडकी नाही म्हणजे खिडकी नाहीच, असं धरून चालतात. तेव्हा उभं राहायच्या जागेवर निर्णय अवलंबून असेल तरच ग्रिडचा (चौकटींचा) नकाशा, नाहीतर एखादं वातावरणाचं चित्र किंवा कोरा पडदा. हा नियम सेशनभर पाळून बघा.

उदाहरण देतो. माझ्या एका कॅम्पेनचा काळ १७३७ चा आहे. मराठ्यांनी त्या वर्षी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. आज त्याच किल्ल्यात ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. किल्ला पडण्याच्या आधीच्या रात्री प्लेअर्सना खाडीतून एका होडीने निरोप पोचवायचा असतो. कोळीवाड्यात होडी कशी मिळवायची, नाखव्याला काय सांगायचं, भरती केव्हा लागणार, हा पाऊण तासाचा खेळ मी नकाशाशिवाय चालवतो. पहाऱ्याची होडी समोर आली की नकाशा उघडतो. त्यात असतं काय? दोन होड्या, मधलं पाणी, एका कडेला तिवरांची झाडी आणि चिखलाचा पट्टा. बस. चिखलात वेग निम्मा आणि झाडीत लपता येतं, एवढ्या दोन गोष्टींवर अख्खी लढाई फिरते, म्हणून नकाशात त्या दोनच गोष्टी ठळक दिसल्या पाहिजेत. पाण्यावरच्या लाटा हलताना दिसल्या नाहीत तरी कुणाचं काही अडत नाही.

असा नकाशा बनवायला अर्धा तास पुरतो. डंजन स्क्रॉल हे ब्राउझरमधलं साधन फुकटात वापरता येतं, आणि कागदावर काढून फोनने वरून सरळ फोटो घेतला तरी चालतो.

नकाशाच्या आकाराचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण 'लॅग होतंय', म्हणजे अडकत चालतंय, अशी जी तक्रार येते तिचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. समजा नकाशा तीस बाय वीस चौकटींचा आहे. एका चौकटीला १०० पिक्सेल धरले तर चित्र ३००० बाय २००० चं होतं. इंटरनेटवर विकत मिळणारे काही नकाशे चौकटीला ३०० पिक्सेलचे असतात, म्हणजे हेच चित्र ९००० बाय ६००० चं. स्क्रीनवर दाखवताना प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. पहिल्या चित्राला ग्राफिक्स मेमरीतली साधारण २४ एमबी जागा पुरते, दुसऱ्याला २१६ एमबी. फाइल कॉम्प्रेस करून लहान केली तरी हा आकडा तसाच राहतो, कारण दाखवण्यापूर्वी चित्र पुन्हा पूर्ण उलगडलं जातं. फोनवर किंवा जुन्या लॅपटॉपवर काळा पडदा दिसतो तो यामुळे. म्हणून आधी चित्राची लांबी-रुंदी कमी करायची, चौकटीला १०० पिक्सेल पुष्कळ झाले, आणि मग ते वेबपी या लहान फाइल देणाऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचं. वेबपीचा फायदा डाउनलोडमध्ये होतो. पुढे फाउंड्री घेऊन ती घरच्या लॅपटॉपवरून चालवली तर तुमचा नकाशा तुमच्याच अपलोडमधून प्रत्येकाकडे जाणार. १२ एमबीचा नकाशा चौघांना म्हणजे ४८ एमबी. अपलोड १० एमबीपीएस असेल तर अडतीस-चाळीस सेकंद सगळे नुसते बघत बसणार. तोच नकाशा दीड एमबीचा केला तर पाच सेकंदांत काम होतं.

फाउंड्रीची गोष्ट निघालीच आहे तर पूर्ण करतो. मी स्वतः तीच वापरतो आणि मनापासून वापरतो. २०२० मध्ये ती आली. एकदाच पन्नास डॉलर भरायचे, म्हणजे चार-साडेचार हजार रुपये, कर वेगळा. लायसन्स फक्त डीएमला लागतं, प्लेअर ब्राउझरमधून येतात. पाच जणांत वाटले तर डोक्यावर हजाराच्या आतबाहेर, तेही एकदाच. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये आधी बघा, बहुतेकांचे ते बंदच असतात. दरमहा आपोआप पैसे कापून घेणाऱ्या परदेशी वर्गण्या १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांमुळे पुष्कळदा अडकतात, त्यामुळे एकरकमी खरेदी आपल्याकडे सोयीची पडते. आणखी एक: एका व्हीटीटीवर विकत घेतलेलं नियमांचं पुस्तक सहसा दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून कुठे टिकायचं हे ठरेपर्यंत पुस्तकं घेऊच नका. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत आणि फाउंड्रीत ते फुकट मिळतात. पाथफाइंडर या दुसऱ्या आरपीजीच्या दुसऱ्या आवृत्तीचे तर जवळजवळ सगळेच नियम तिथे फुकट आहेत.

अडचण येते ती होस्टिंगची. फाउंड्री तुमच्या लॅपटॉपवर सर्व्हर म्हणून चालते आणि ३०००० क्रमांकाच्या पोर्टवर (बाहेरून आत यायच्या दारावर) लोकांची वाट बघते. परदेशी व्हिडिओंमध्ये राऊटरवर तो पोर्ट उघडायला सांगतात. तुम्ही उघडता आणि म्युनिकहून काही दिसत नाही. कारण आपल्याकडे ब्रॉडबँड देणारे बरेच जण, सोसायटीत केबल टाकणारे तर हमखास, अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देतात. याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायचं कसं? राऊटरच्या पानावर वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात आणि पोर्ट कितीही उघडा, उपयोग नाही. मग तीन वाटा उरतात. जादा पैसे देऊन कनेक्शनवर स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला स्वतंत्र कायमचा पत्ता, घ्यायचा. क्लाउडफ्लेअर टनेलसारखं साधन वापरायचं, ज्यात जोडणी तुमच्याकडून बाहेर जाते म्हणून पोर्ट लागतच नाही. ते फुकट आहे, पण पत्ता कायम तोच राहायला हवा असेल तर स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) लागतं. किंवा मग फाउंड्री क्लाउडवरच्या छोट्या सर्व्हरवर ठेवायची. मी टनेलने सुरुवात करा म्हणेन. कुठलीही वाट धरा, ॲडमिनचा पासवर्ड आणि प्रत्येक प्लेअरचा पासवर्ड पहिल्या दिवशीच घाला.

फाउंड्रीचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या जागेत ठेवू नका, चालू गेममध्ये फाइली बिघडतात. फाउंड्री बंद करून मग त्याची कॉपी घ्या. आणि शनिवारी दुपारी अपडेटचं बटण दाबू नका. नव्या व्हर्जनवर जुनी मॉड्यूल्स (वरून जोडलेल्या सोयी) अडून बसतात. अपडेट रविवारी करायचं, म्हणजे हातात आठवडा राहतो.

फाउंड्रीतल्या भिंती आणि दिव्यांचं आकर्षण सगळ्यांना असतं. प्रत्येक टोकनला त्याच्या मशालीपुरतंच दिसतं. पाचव्या आवृत्तीत वीस फूट लख्ख आणि पुढचे वीस फूट अंधुक. बघायला अप्रतिम. पण एका भुयारात हे लावून बघा. एक प्लेअर टोकन एकेक चौकट पुढे सरकवतो, थांबतो, आणखी एक चौकट, वळणावर डोकावतो, मागे येतो. बाकीचे चौघे गप्प. तो माऊस हलवतोय आणि खेळ थांबलाय. अशा वेळी फाउंड्रीत डीएमने स्पेसबार दाबायचा. गेम पॉज होतो आणि प्लेअर्सना टोकन हलवता येत नाही. मग तोंडाने विचारायचं, तुम्ही काय करताय, पुढे कोण, मशाल कुणाच्या हातात? ठरलं की टोकनं तुम्हीच हलवायची. मी मारामारी सोडून इतर वेळी पॉज चालूच ठेवतो. आउलबेअरमध्ये हा प्रश्नच येत नाही, फॉग (न पाहिलेला भाग झाकणारा पडदा) डीएम आपल्या हाताने उघडतो, आणि नव्या डीएमसाठी मला तेच जास्त चांगलं वाटतं.

आवाजाला नकाशापेक्षा जास्त महत्त्व द्या. नकाशा गेला तरी सेशन चालतं, आवाज गेला की संपलं. प्रत्येकाला वायरचा माइकवाला हेडफोन, दोन-तीनशे रुपयांचाही चालेल. ब्लूटूथचा माइक चालू झाला की बहुतेक हेडसेट फोनकॉलच्या दर्जावर उतरतात आणि डीएमचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. डिस्कॉर्डमधलं क्रिस्प चालू ठेवा, कुकरच्या शिट्ट्या आणि रिक्षांचे हॉर्न ते बरेचसे गाळतं. गणपतीत खिडकीखाली ढोल-ताशा आला तर मात्र त्या माणसाने पुश-टू-टॉकवर (बटण दाबलं तरच माइक चालू) जायचं. क्रिस्प कधी कधी हळू बोललेलंही गाळतं, म्हणून डीएमने कुजबुजत्या आवाजात भूत साकारण्याआधी एकदा 'ऐकू येतंय का' विचारून घ्यावं.

मराठीचं म्हणाल तर खेळ मराठीत होतोच, तुम्ही आत्ताही मराठीतच बोलताय. टोकनांची नावं, नोंदी, हँडआउट देवनागरीत टाका, ब्राउझर ती नीट दाखवतो. फाउंड्रीत सेटिंग्जमधून मुक्त किंवा बलूसारखे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले फॉन्ट जोडले की नकाशावरची अक्षरं देखणी दिसतात. फाशांचा हुकूम चॅटमध्ये टाइप करताना मात्र कीबोर्ड इंग्रजीवर आणा. देवनागरी आकडे त्याला कळत नाहीत आणि रोल होत नाही. नव्या प्लेअरला हे कुणी सांगत नाही आणि तो बिचारा सॉफ्टवेअर बिघडलं समजतो. फाउंड्रीतले मेनू आणि शीटवरचे शब्द एका भाषेच्या फाइलमध्ये असतात. ग्रुपमध्ये कुणी हौशी असेल तर त्यातले रोज लागणारे तीस-चाळीस शब्द मराठीत करून छोटं मॉड्यूल बनवता येतं. मला तर असं कुणी मन लावून पूर्ण करावं असं फार वाटतं.

फासे सॉफ्टवेअरचे की हातातले, यावर ग्रुपमध्ये वाद होईल. ज्याला हातातले टाकायचेत त्याला टाकू द्या, मित्रांवर विश्वास ठेवा. 'सॉफ्टवेअर मलाच एक देतं' अशी कुरकुर आली तर हे सांगा: वीस बाजूंचा फासा वीस वेळा टाकून निदान एकदा एक यायची शक्यता सुमारे ६४ टक्के आहे. रात्रभरात वीस रोल सहज होतात.

वीज आणि वेळ, या दोन गोष्टी ठरवल्याशिवाय सुरुवात करू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली होती तसं रोज होत नाही, पण पावसाळ्यात अर्ध्या-पाऊण तासाचे खंड पडतात. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो डीएमकडे असावा. तरीही बिल्डिंगमधल्या केबलच्या स्विचला बॅकअप नसेल तर राऊटरचे दिवे चालू राहतात आणि नेट जातं, तेव्हा फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आवाजाला एका बोलणाऱ्यामागे तासाला तीसेक एमबी लागतात, म्हणजे फोनच्या रोजच्या डेटात सेशन आरामात बसतं.

म्युनिक उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास असतं आणि हिवाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. रात्री साडेनऊला बसलात तर त्याच्याकडे संध्याकाळचे सहा किंवा पाच वाजलेले असतील. सेशन भारतीय वेळेनेच लिहा आणि त्या दोन तारखा कॅलेंडरमध्ये घालून ठेवा.

येत्या शनिवारी कॅम्पेन पुढे नेऊ नका. तासभर नुसतं जुळवून बघा. सगळे डिस्कॉर्डवर या, आउलबेअरची लिंक उघडा, फोनवाल्या दोघांना सगळ्यात आधी टोकन हलवायला सांगा. मग शेवटच्या सेशनमध्ये राहिलेल्या लढाईची एकच फेरी खेळा आणि कुणाला काय दिसलं नाही, काय ऐकू आलं नाही ते लिहून काढा. फोनवाल्यांना त्रास झाला असेल तर आधी नकाशा लहान करा, सॉफ्टवेअर बदलायचा विचार त्यानंतर.